दोघांचा रविवार

रविवारची सुटी आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती सूर्योदयाप्रमाणें आपोआप येते, अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक ही सुटी मागून, वाद घालून आणि चिकाटीनें पाठपुरावा करून मिळविलेली आहे. एके काळीं मुंबईच्या कापडगिरण्यांत आठवड्याचे सातहि दिवस काम चाले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रें फिरत, आणि त्यांच्याबरोबर माणसेंहि फिरत. सणावारीं काय विसांवा मिळेल तेवढाच. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली आणि आठवड्यांतून एक दिवस हक्काची सुटी असावी, ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें १०,००० कामगारांची सभा भरली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंत, म्हणजे १० जून १८९० रोजीं, गिरणीमालकांच्या मंडळानें रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षीं कारखान्यांच्या कायद्यांतहि साप्ताहिक सुटीस स्थान मिळालें.

त्या सभेंतील एक बाब विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तेथें दोन कामगार स्त्रियाहि बोलावयास उभ्या राहिल्या होत्या. ज्या काळीं स्त्रीनें चारचौघांत तोंड उघडणें हेंच धाडस समजलें जाई, त्या काळीं एवढ्या मोठ्या समुदायासमोर त्यांनीं विसांवा मागितला. तो त्यांस मिळाला काय? गिरणीचा भोंगा रविवारीं बंद राहूं लागला, हें खरें. परंतु चूल कांहीं बंद राहिली नाहीं. पुरुष सुटीच्या दिवशीं भजनास, तालमींत किंवा नाक्यावर गप्पा मारावयास जाऊं शकला. स्त्रीच्या वांट्यास मात्र आठवड्याचें साठलेलें धुणें, धान्याचें निवडणेंटिपणें आणि घरीं येणारा पाहुणा, एवढें सर्व आलें. एकाची सुटी दुसऱ्याच्या कामावर उभी राहिली.

शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावर ही स्थिति किती पालटली, हें पाहण्यास एक चांगलें साधन उपलब्ध आहे. २०१९ सालीं भारत सरकारनें लोक आपला वेळ कसा घालवितात, याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील माणसांपैकीं घरच्यांसाठीं विनावेतन घरकाम करणाऱ्यांचें प्रमाण स्त्रियांत शेंकडा ८१, तर पुरुषांत शेंकडा २६ आढळलें. त्यांतहि जीं माणसें हें काम करतात, त्यांपैकीं स्त्रियांचीं दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें त्यांत जात, आणि पुरुषांचीं ९७. २९९ मिनिटें म्हणजे एका मिनिटानें कमी पांच तास. दोहोंतील अंतर २०२ मिनिटांचें. हा आंकडा श्रोत्यांनीं लक्षांत असूं द्यावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

पतिपत्नींचा विसांवा म्हणजे काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. नवरा निजला असतां बायको कामांत, आणि बायको निजली असतां नवरा कामांत, याला दोघांचा विसांवा म्हणतां येत नाहीं. ती केवळ पाळी झाली. दोघेंहि एकाच वेळीं रिकामीं असणें, दोघांच्याहि मनावर पुढच्या कामाचें ओझें नसणें, आणि दोघांनीं मिळून एखाद्या तिसऱ्याच गोष्टीकडे पाहणें, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे खरा विसांवा घडतो. शहरांतील आजच्या संसारांत तर या तिन्ही गोष्टी दुर्मिळ झाल्या आहेत.

उदाहरणासाठीं ठाण्यास राहणारें एक दांपत्य डोळ्यांसमोर आणावें. पत्नी रुग्णालयांत परिचारिका आहे. तिची पाळी कधीं सकाळची, कधीं दुपारची, कधीं रात्रीची. पति मुंबईस कोट भागांत एका विमा कचेरींत कारकून आहे. तो सकाळीं आठची लोकल धरतो आणि दिवेलागण झाल्यावर घरीं येतो. त्यांस नऊ वर्षांची एक मुलगी आहे. घर एक असलें तरी त्यांत घड्याळें दोन आहेत. एक घरीं येतो तेव्हां दुसऱ्याची पायांत चपला चढविण्याची वेळ झालेली असते. संभाषण चालतें तें फ्रिजच्या दारावर लावलेल्या चिठ्ठ्यांतून आणि मोबाइलवरच्या निरोपांतून. दूध तापवून ठेवलें आहे, गॅसचा नंबर लावला, मुलीच्या वहीवर सही राहिली आहे, एवढाच त्या संभाषणाचा विषय. भांडण नाहीं, अबोला नाहीं, व्यसन नाहीं. लोकांच्या दृष्टीनें हा संसार अगदीं सुखाचा. परंतु दोघांनीं एकत्र बसून शेवटचें काय पाहिलें, असें कोणी विचारलें तर दोघांसहि आठवत नाहीं. अशीं दांपत्यें ठाण्यांत आहेत, पुण्यांत आहेत, नागपुरांत आणि पणजींतहि आहेत.

या दांपत्यास २०२५ सालच्या फेब्रुवारींत ८ आणि ९ तारखेचा शनिवार-रविवार एकाच वेळीं सुटीचा आला, असें समजावें. मुलगी कल्याणास आजोळीं गेली. पत्नीच्या मनांत प्रथम आलें तें हेंच कीं, आतां चादरी धुवून घ्याव्या, गाद्यांना ऊन द्यावें आणि डब्यांचें फडताळ एकदां नीट लावावें. रिकामा दिवस हातीं लागला कीं तो कामानें भरावयाचा, ही संवय अंगांत मुरलेली असते. पति म्हणाला, “तें सगळं आज संध्याकाळपर्यंत दोघं मिळून उरकूं. उद्यां मात्र घरांत गॅस पेटवायचा तो फक्त चहाला आणि पोह्यांना, आणि तोहि मीच पेटवीन.” त्याप्रमाणें शनिवारीं त्यानें चादरी धुतल्या, वाळत घातल्या, तिनें डबे लावले; रात्रीं पिठलें-भातावर भागविलें. रविवारीं गजर न लावतां दोघें उठलीं. पोह्यांत मीठ किंचित् कमी पडलें होतें, पण तें कोणी बोलून दाखविलें नाहीं. मग दोघें मुंबईस चित्रपट पाहावयास निघालीं.

चित्रपट होता ‘इंटरस्टेलर’. ख्रिस्तोफर नोलन यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट प्रथम २०१४ सालच्या नोव्हेंबरांत प्रकाशित झाला आणि ७ फेब्रुवारी २०२५ पासून भारतांत तो पुन्हां मोठ्या पडद्यावर लावण्यांत आला. त्याची लांबी १६९ मिनिटें आहे. मघां सांगितलेल्या २०२ मिनिटांशीं याचा मेळ घालून पाहावा. घरकामांत स्त्रीचा जो अधिक वेळ रोज जातो, त्या एका दिवसाच्या वेळांत हा एवढा लांब चित्रपट पुरा पाहून होतो, आणि वर ३३ मिनिटें उरतात. तेव्हां वेळ मिळत नाहीं, हें म्हणणें सर्वांस सारखें लागू पडत नाहीं. कोणाचा वेळ कोठें जातो, हें आधीं पाहावें लागतें.

या चित्रपटाची कथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. पृथ्वीवरील पिकांवर रोग पडला आहे. गहू केव्हांच गेला आहे. भेंडीचेंहि शेवटचें पीक हातचें जात आहे. उरला आहे तो मका. धुळीचीं वादळें घराघरांत शिरत आहेत. अशा काळीं पूर्वी वैमानिक असलेला आणि आतां शेती करणारा एक विधुर, मानवजातीस दुसरें राहण्याजोगें ठिकाण शोधण्यासाठीं अंतराळांत जातो. मागें त्याचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी राहतात. मुलगी रुसून बसते. निघतांना बाप तिला एक मनगटी घड्याळ देतो. तसेंच एक त्याच्याजवळहि असतें. परत आल्यावर दोघांचीं घड्याळें ताडून पाहूं, असें तो तिला सांगतो.

पुढें तो आणि त्याचे सोबती एका प्रचंड कृष्णविवराजवळच्या ग्रहावर उतरतात. त्या ग्रहावर सर्वत्र उथळ पाणी आहे आणि दूर दिसणारा डोंगर हा डोंगर नसून अंगावर येणारी लाट आहे. तेथला एक तास म्हणजे पृथ्वीवरचीं सात वर्षें. काम चटकन आटोपून परतावें असा बेत असतो. पण लाटेमुळें खोळंबा होतो. तीं माणसें यानावर परत येतात, तेव्हां तेथें थांबलेला त्यांचा सोबती २३ वर्षांहून अधिक काळ एकट्यानें काढून म्हातारा दिसूं लागलेला असतो. पृथ्वीवरून आलेले निरोप साठून राहिलेले असतात. बाप ते एकामागून एक पाहतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, त्यास मूल होतें. सगळें त्या छोट्या पडद्यावर कांहीं मिनिटांत होऊन जातें. शेवटीं मुलीचा निरोप येतो. बाप घर सोडून गेला तेव्हां जेवढ्या वयाचा होता, तेवढीच ती आतां झालेली असते. चित्रपटगृहांत या ठिकाणीं एरवीं कुजबुजणारे प्रेक्षकहि गप्प होतात.

काळ असा निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या वेगानें चालतो, ही लेखकाची लहर नव्हे. आल्बर्ट आइनस्टाइन यांनीं १९१५ सालीं गुरुत्वाकर्षणाचा जो नवा सिद्धान्त मांडला, त्याप्रमाणें जेथें गुरुत्वाकर्षण अधिक, तेथें घड्याळ हळू चालतें. हें घड्याळाच्या यंत्राचें वैगुण्य नाहीं. तेथला काळच मंद असतो. याचा प्रत्यय रोजच्या व्यवहारांतहि येतो. मोबाइलवर रस्ता दाखविणारी जी व्यवस्था आहे, ती सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या घड्याळांवर चालते. उंचीमुळें हीं घड्याळें पुढें जातात आणि वेगामुळें थोडीं मागें पडतात. हिशेब करतां दर दिवशीं तीं एकंदरींत सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील हे ३८ भाग. एवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष केलें, तर एका दिवसांत सुमारें १० किलोमीटरांची चूक होईल, आणि ठाण्यांत उभ्या असलेल्या माणसास तो भांडुपाच्या पलीकडे असल्याचें दिसेल.

चित्रपटांतील कृष्णविवर सूर्याच्या दहा कोटी पट वस्तुमानाचें आणि अत्यंत वेगानें फिरणारें कल्पिलें आहे, तेव्हां कोठें एका तासास सात वर्षें हें गणित जमतें. तें गणित अमेरिकन शास्त्रज्ञ किप थॉर्न यांनीं घालून दिलें. याच थॉर्न यांस गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल २०१७ सालीं दोन सहकाऱ्यांसह पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. कृष्णविवराच्या सावलीचें पहिलें खरें चित्र १० एप्रिल २०१९ रोजीं जगापुढें आलें; चित्रपट त्याच्या आधीं चार वर्षांहून अधिक काळ पडद्यावर आला होता. अर्थात् त्यांतील सर्वच गोष्टी सिद्ध झालेल्या आहेत, असें नाहीं. कृष्णविवरांत शिरून माणूस सुखरूप परत येतो, ही कवीची मुभा आहे. विज्ञानकथा पाहतांना सिद्ध काय आणि कल्पित काय, हें निवडीत बसण्यांतहि एक आनंद असतो. तो एकट्यापेक्षां दोघांस अधिक मिळतो. कारण या विषयांत नवरा जितका अडाणी, तितकीच बायको, आणि दोघांसहि एकमेकांस शहाणपण शिकविण्याची सोय राहत नाहीं.

तें दांपत्य सायंकाळीं ठाण्यास परतलें आणि मासुंदा तळ्याच्या कांठीं भाजलेल्या शेंगा घेऊन बसलें. प्रथम बोलणें झालें तें लाटेविषयीं आणि भेंडीविषयीं. भेंडी नाहींशी झाली तर डब्याला काय द्यावें, यावर दोघें हंसलीं. मग पत्नी म्हणाली, “अहो, तो माणूस वाईट नव्हता. कामालाच गेला होता. त्याला वाटलं, तासाभरांत येईन. त्याचे कांहीं तासच झाले. पण मुलीचीं तेवीस वर्षं गेलीं.”

पति कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “तुला आपल्याबद्दल म्हणायचं आहे का?”

“दोघांबद्दलच म्हणतें आहें. मीहि रात्रपाळीला जातेंच. परवां चिमीनं मला तिची वेणी तिलाच घालतां येते, हें दाखवलं. केव्हां शिकली, विचारलं, तर म्हणाली, दिवाळीपासून.”

हें बोलणें रागाचें नव्हतें, आणि म्हणूनच तें पतीस अधिक लागलें. दोष कोणाचाहि नाहीं, हें दोघांसहि कळत होतें. पाळी तिनें ठरविलेली नव्हती, लोकलचें वेळापत्रक त्यानें ठरविलेलें नव्हतें. पण घरांतील कामाची वांटणी मात्र कोणी बाहेरच्यानें येऊन ठरविलेली नव्हती. ती बदलणें दोघांच्या हातांत होतें. पत्नी रात्रपाळीहून येऊन डबा करीत असे, आणि पति त्या वेळीं वर्तमानपत्र वाचीत असे. ही गोष्ट तिनें काढली नाहीं, त्यानेंच काढली. त्या रात्रीं भिंतीवरची दिनदर्शिका खालीं काढण्यांत आली. महिन्यांतून एक रविवार तिनें आपल्या पाळीच्या यादींत आधींपासून मागून घ्यावा, आणि त्यानें त्या दिवशीं कचेरीचें कोणतेंहि काम घरीं आणूं नये, असें ठरलें. रात्रपाळीनंतरच्या सकाळीं डबा त्यानें करावा, हेंहि ठरलें. पहिल्या आठवड्यांत पोळ्यांचे नकाशे झाले, तरी डबे रिकामेच परत आले.

कृष्णविवराची कथा आणि पतिपत्नींची जोडी यांचा मराठींत एक जुना आणि खरा संबंध आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेंत ‘कृष्णविवर’ नांवाच्या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. पुढें उघड झालें कीं, हे जगताप म्हणजे विख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नांवाचा प्रभाव परीक्षकांवर पडूं नये म्हणून त्यांनीं आपलींच आद्याक्षरें उलट करून हें टोपणनांव घेतलें होतें. आणि हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून ती कथा त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनीं आपल्या अक्षरांत उतरवून दिली होती. मराठी विज्ञानकथेच्या एका महत्त्वाच्या पावलामागें असे चार हात आहेत.

मंगला नारळीकर या स्वतः गणिताच्या विदुषी. १९६४ सालीं मुंबई विद्यापीठाची एम्. ए. ची पदवी त्यांनीं सुवर्णपदकासह मिळविली, आणि त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांस १९८१ सालीं मिळाली. मधल्या काळांत लग्न, परदेशचें वास्तव्य, तीन मुलींचें संगोपन आणि घर. तरीहि त्यांनीं गणित सोडलें नाहीं, आणि पुढें ‘गणितगप्पा’ सारख्या पुस्तकांतून तें मुलांपर्यंत पोंचविलें. १९६४ आणि १९८१ यांमधील वजाबाकी कोणताहि शाळकरी मुलगा करूं शकेल. ती सतरा वर्षें वायां गेलीं, असें म्हणणें चूक होईल. परंतु बुद्धि तितकीच असतांहि एकाच घरांत दोघांचीं घड्याळें सारखीं चालत नाहींत, एवढें त्या वजाबाकीवरून दिसतें. मंगला नारळीकर २०२३ सालच्या जुलैंत, आणि जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजीं निवर्तले. त्यांच्या पुस्तकांबरोबरच त्यांच्या सहजीवनाचाहि अभ्यास व्हावा.

यावर कोणी म्हणेल कीं, दोघांनीं एकत्र बसण्यास चित्रपटच कशाला पाहिजे आणि तिकिटाचे पैसे तरी कां घालवावे? शंका रास्त आहे. तळ्याचा कांठ आहे, टेकडी आहे, गच्चीवरची चटई आहे, घरांतील छोट्या पडद्यावरहि चित्रपट दिसतोच. पण घरांत बसलें कीं कुकरची शिटी होते, दारावरची घंटा वाजते, आणि उठते ती बहुधा एकच व्यक्ति. चित्रपटगृहाच्या अंधारांत दोघांसहि उठतां येत नाहीं, हाच त्याचा मोठा गुण. तसा अंधार घरांत निर्माण करतां आला, तर तिकिटाची गरज नाहीं. त्यासाठीं मात्र शिटी झाल्यावर कोण उठणार, हें आधीं ठरलेलें असावें. आणि दर वेळीं उत्तर एकच नसावें.

लोखंडे यांनीं मिळवून दिलेला रविवार हा गिरणीच्या फाटकापर्यंत पोंचला. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत तो नेऊन पोंचविण्याचें काम कोणत्याहि कायद्याला साधणार नाहीं. तें ज्याच्या त्याच्या घरीं व्हावयाचें आहे. पृथ्वीपासून कृष्णविवरापर्यंतच्या घड्याळांतील फरक माणसास मिटवितां येत नाहीं. एका घरांतील दोन घड्याळांमधला फरक मात्र डबा, धुणें आणि पाणी यांची वांटणी बदलली कीं बराच कमी होतो. येत्या रविवारीं सकाळचा चहा कोणीं करावा, एवढ्यापासून त्यास आरंभ करतां येईल.